आधी निवड की आधी विश्वास? डॉर्टची धर्मपरिषद आणि एका प्रश्नाची किंमत (१६१८–१६१९)

१/ १३ मे १६१९. हेग शहरातील बिनेनहोफच्या चौकात ७१ वर्षांचा एक वृद्ध काठी टेकत वधमंचावर चढला. योहान व्हान ओल्डनबार्नेव्हेल्ट. डच प्रजासत्ताकाची घडी ज्याने तीसहून अधिक वर्षे बसवली, त्याचा शिरच्छेद त्याच प्रजासत्ताकाने केला. आरोप राज्याविरुद्धच्या अपराधांचे होते. पण ज्या वादळाने त्याला तिथवर आणले, त्याच्या केंद्रस्थानी धर्मशास्त्रातील एक प्रश्न होता.

२/ प्रश्न असा : देवाने निवडले म्हणून माणूस विश्वास ठेवतो, की माणूस विश्वास ठेवील हे जाणून देव त्याला निवडतो? आज हा प्रश्न शब्दांचा खेळ वाटेल. सतराव्या शतकाच्या आरंभी त्यावरून मंडळ्या फुटल्या, शहरांनी सैनिक उभे केले आणि पाळक देशोधडीला लागले. असे का घडले, ते या धाग्यात पाहू.

३/ आधी शब्द स्पष्ट करून घेऊ. मराठी पवित्र शास्त्रात पापापासूनच्या सुटकेला 'तारण' म्हणतात आणि श्रद्धेसाठी 'विश्वास' हा शब्द येतो. तारण कर्माने मिळत नाही, देवाच्या कृपेने विश्वासाच्या द्वारे मिळते, हे प्रॉटेस्टंट पंथांचे समान सूत्र. 'निवड' म्हणजे तारणासाठी देवाने काही माणसांना अनादिकाळीच निवडणे. डॉर्टला भांडणारे दोन्ही पक्ष या तिन्ही गोष्टी मानत होते. वाद होता तो त्यांच्या क्रमाचा.

४/ या वादाचे मूळ पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या नवव्या अध्यायात आहे. याकोब आणि एसाव हे जुळे भाऊ. दोघांचा जन्मही झालेला नाही, कोणी बरेवाईट काही केलेले नाही आणि तरीही देवाची निवड ठरलेली आहे. पुढे कुंभार आणि मातीचा दृष्टांत येतो : एकाच गोळ्यातून कोणते भांडे कशासाठी घडवायचे, हा कुंभाराचा अधिकार. मग न्यायाचे काय? हा आक्षेप पौल स्वतःच उपस्थित करतो. पुढची सोळा शतके भाष्यकार त्याच जागी अडखळत राहिले.

५/ त्यांतील सर्वांत प्रभावी नाव हिप्पोचा बिशप ऑगस्टिन (३५४–४३०) याचे. ३९४च्या सुमारास रोमकरांस पत्रावर लिहिताना त्याने सोपी वाट धरली होती : कोण विश्वास ठेवील हे देवाला आधीच दिसते आणि त्यानुसार तो निवडतो. दोन-तीन वर्षांतच, सिंप्लिशियनच्या प्रश्नांना उत्तरे देताना, त्याने हे मत सोडले. विश्वास माणसाने आपल्या बळावर आणलेला असेल, तर कृपा ही कृपा उरत नाही, मोबदला ठरते. विश्वास हेदेखील देवाचेच दान, हा त्याचा पुढचा निष्कर्ष.

६/ पाचव्या शतकाच्या आरंभी पेलाजियसशी झालेल्या संघर्षात हे मत अधिक कठोर झाले. आज्ञा पाळण्याची क्षमता माणसात आहेच, नाहीतर देवाने आज्ञा का द्याव्यात, असे पेलाजियसचे म्हणणे. ४१८मध्ये कार्थेजच्या परिषदेने पेलाजियसची शिकवण निषिद्ध ठरवली. तेव्हापासून पश्चिमेकडील ख्रिस्ती जगात 'पेलाजियसवादी' ही शिवी झाली. माणसाच्या वाट्याला थोडे काही ठेवू पाहणाऱ्या प्रत्येकावर ती फेकली गेली. डॉर्टलाही तेच झाले.

७/ सोळाव्या शतकात धर्मसुधारणेने ऑगस्टिनला पुन्हा मध्यभागी आणले. इरॅस्मसने १५२४मध्ये इच्छास्वातंत्र्याची बाजू मांडली. ल्यूथरने १५२५मध्ये तिचे खंडन केले. जीनिव्हामध्ये कॅल्विनने हाच विचार अधिक व्यवस्थित मांडला. पण त्याच्या मुख्य ग्रंथाच्या १५५९च्या अंतिम आवृत्तीत एक लक्षणीय गोष्ट आहे : निवडीची चर्चा आरंभी येत नाही. ती तिसऱ्या खंडाच्या उत्तरार्धात, विश्वासाचे विवेचन झाल्यावर येते. वाचकाने आधी विश्वास ओळखावा, मग त्याचा उगम पाहावा, असा तो क्रम. ही गोष्ट लक्षात ठेवा. शेवटी तिच्याकडेच परतायचे आहे.

८/ जीनिव्हातही विरोध झाला. ऑक्टोबर १५५१मध्ये जेरोम बोल्सेक या वैद्याने भर धर्मसभेत कॅल्विनला आव्हान दिले. निवडले म्हणून विश्वास नव्हे, विश्वास म्हणून निवड, असे तो म्हणाला. अन्यथा देव जुलमी ठरतो. त्याला अटक झाली आणि डिसेंबरमध्ये शहरातून हद्दपार केले गेले. डॉर्टचे नाटक इथे लहान रंगमंचावर आधीच झालेले दिसते : प्रश्न धर्मशास्त्राचा, निकाल नगरसत्तेचा.

९/ आता नेदरलँड्सकडे वळू. १५६८पासून हा प्रदेश स्पेनच्या राजाविरुद्ध लढत होता. युद्धातील धैर्याचे प्रतीक ठरलेल्या लायडन शहरात १५७५ साली विद्यापीठ निघाले. त्याच वर्षी औडेवाटर या लहान गावात स्पॅनिश सैन्याने कत्तल केली. त्यात एका तरुण विद्यार्थ्याची आई आणि भावंडे मारली गेली. तो परगावी शिकायला होता म्हणून वाचला. त्याचे नाव याकोबुस आर्मिनियस.

१०/ पुढे आर्मिनियस लायडनला शिकला. जीनिव्हात कॅल्विनचा उत्तराधिकारी बेझा याच्याकडेही शिकला. १५८८पासून ॲमस्टरडॅममध्ये पाळक आणि १६०३पासून लायडनमध्ये प्राध्यापक. म्हणजे हा कॅल्विनच्या परंपरेबाहेरचा माणूस नव्हे, तिच्या ऐन माजघरातला. पण रोमकरांस पत्रावर प्रवचने देताना तो वेगळ्या अर्थाकडे सरकला होता. लायडनला त्याचा सहकारी फ्रान्सिस्कस गोमारस कट्टर विरुद्ध मताचा. १६०४पासून दोघांतील वाद उघड झाला.

११/ आर्मिनियसचे म्हणणे थोडक्यात : ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्यांना तारायचे, हा देवाचा निर्णय. कोण विश्वास ठेवील हे देव आधीच जाणतो आणि त्या ज्ञानासह व्यक्तीची निवड होते. मात्र तो विश्वासदेखील कृपेच्या साहाय्यावाचून जन्मत नाही. फरक इतकाच की माणूस त्या कृपेला नकार देऊ शकतो. विरोधक म्हणत, ही तर माणसाची कमाई झाली. त्यावर त्याचा दाखला असा : भुकेल्या भिकाऱ्याने भिक्षा घेण्यासाठी हात पुढे केला, म्हणून ती भिक्षा दान राहत नाही काय?

१२/ दाखला मोठा सुंदर आहे, पण गोमारसपक्षाचा नेमका आक्षेप तिथेच होता. पौलाच्या शिकवणीप्रमाणे माणूस पापात मेलेला आहे. मेलेला माणूस हात कसा पुढे करील? आधी त्याला जिवंत केले पाहिजे आणि जिवंत करणे हे सर्वस्वी देवाचे काम. तेव्हा पुढे आलेला हात हे निवडीचे कारण असू शकत नाही. तो निवडीचा परिणाम आहे. एका बाजूला भिकारी, दुसऱ्या बाजूला प्रेत. सगळा वाद या दोन प्रतिमांत मावतो.

१३/ भारतीय वाचकाला इथे श्रीवैष्णव संप्रदायातील दोन न्याय आठवतील. माकडाचे पिल्लू आईला स्वतः बिलगते, तर मांजराच्या पिल्लाला आई तोंडात धरून नेते. कृपेत जिवाचा वाटा किती, हा प्रश्न तिकडेही होता. पण साम्य इथेच थांबते. मांजर काही पिल्ले नेते आणि काही अनादिकाळापासून मागेच ठेवायची ठरवते, असा विचार त्या दृष्टांतात नाही. डच वादाची धार नेमकी या दुसऱ्या भागात होती : न निवडलेल्यांचे काय?

१४/ आर्मिनियसची मुख्य वेदनाही हीच. आज्ञाभंग अटळ करून मग त्याचीच शिक्षा देणारा देव पापाचा कर्ता ठरतो, असे त्याला वाटे. गोमारसची भीती उलट होती : तारण माणसाच्या होकारावर अवलंबून असेल, तर माणसाच्या चंचल मनाइतकेच ते अस्थिर. १६०८मध्ये न्यायाधीशांसमोर झालेल्या चर्चेत तर गोमारसने सांगितले की, आर्मिनियसची मते घेऊन निर्मात्यासमोर उभे राहण्याचे धाडस मला होणार नाही. ही भाषा विद्यापीठीय कुरघोडीची नव्हे. दोघांनाही अनंतकाळ पणाला लागलेला दिसत होता.

१५/ ऑक्टोबर १६०९मध्ये आर्मिनियस क्षयाने गेला, पण वाद जिवंत राहिला. १६१०मध्ये त्याच्या मताच्या ४०हून अधिक पाळकांनी हॉलंड प्रांताच्या सभेला निवेदन दिले. त्यावरून त्यांना 'रिमॉन्स्ट्रंट', म्हणजे निवेदनकर्ते, हे नाव पडले. निवेदनात पाच कलमे होती. त्यातील तिसरे कलम सांगते की, माणूस स्वतःच्या बळावर तारणदायी विश्वास आणू शकत नाही. पाचव्यात खरा विश्वासी पुढे ढळू शकतो का, हा प्रश्न अधिक अभ्यासासाठी खुला ठेवला आहे. बंडखोरांचा जाहीरनामा असा नसतो.

१६/ मग एवढा भडका का उडाला? कारण त्याच १६०९ साली ओल्डनबार्नेव्हेल्टने स्पेनशी बारा वर्षांचा तह घडवून आणला होता. सेनापती माउरित्सला तो पसंत नव्हता. स्पेनच्या ताब्यातील दक्षिणेतून पळून आलेल्या अनेक कॅल्विनपंथी निर्वासितांनाही नव्हता. त्यांच्या लेखी, कॅथलिक राजाशी मैत्री करणारे आणि माणसाच्या इच्छेला जागा देणारे सारे एकाच माळेचे मणी. मतभेद आणि संशय यांची अशी गाठ पडली.

१७/ त्यात घटनात्मक पेच. धर्माचा कारभार प्रत्येक प्रांताचा, ही उत्रेख्तच्या १५७९च्या करारावर आधारलेली ओल्डनबार्नेव्हेल्टची भूमिका. व्यासपीठावरून हा विषय काढूच नका, असा आदेश हॉलंडने १६१४मध्ये दिला. त्याचा मसुदा ह्यूगो ग्रोशियसचा, ज्याला आपण आंतरराष्ट्रीय कायद्याचा एक आद्य प्रवर्तक म्हणून ओळखतो. विरोधी पक्षाचे म्हणणे : सिद्धान्त ठरवण्याचा अधिकार मंडळीचा, म्हणून राष्ट्रीय धर्मपरिषद बोलवा. सहिष्णुतेची बाजू सरकारी हुकमावर उभी होती आणि मंडळीच्या स्वातंत्र्याची बाजू कट्टरांच्या हाती. इथे खलनायक शोधणे अवघड जाते, ते त्यामुळे.

१८/ जुलै १६१७मध्ये माउरित्स हेगमधील कट्टरपक्षीयांच्या उपासनेला उघडपणे गेला. पूर्वनियुक्तीचा रंग कोणता तेही आपल्याला ठाऊक नाही, असे तो म्हणाल्याची कथा सांगतात. खरी असो वा नसो, तिचा रोख चुकीचा नाही. ४ ऑगस्टला हॉलंडने शहरांना स्वतःचे भाडोत्री सैनिक उभारण्याची मुभा दिली. हे माउरित्सच्या लष्करी अधिकाराला थेट आव्हान होते. वर्षभरात त्याने ते सैनिक मोडून काढले. २९ ऑगस्ट १६१८ रोजी ओल्डनबार्नेव्हेल्ट आणि ग्रोशियस अटकेत होते.

१९/ १३ नोव्हेंबर १६१८ला डोर्डरेख्त, म्हणजेच डॉर्ट, येथे परिषद सुरू झाली तेव्हा राजकीय निकाल लागलेलाच होता. इंग्लंड, जीनिव्हा, स्विस शहरे आणि अनेक जर्मन प्रदेशांतून प्रतिनिधी आले. फ्रान्सच्या राजाने आपल्या प्रॉटेस्टंट प्रजाजनांना येऊ दिले नाही. त्यांची आसने रिकामी ठेवण्यात आली. रिमॉन्स्ट्रंटांना सभासद म्हणून नव्हे, जाब द्यायला बोलावले होते. त्यांचा नेता एपिस्कोपियस हा आर्मिनियसचा शिष्य. कार्यपद्धतीवरून आठवडेच्या आठवडे हुज्जत चालली. अखेर १४ जानेवारी १६१९ला अध्यक्ष बोगरमानने त्यांना संतापून सभागृहाबाहेर काढले.

२०/ परिषदेपुढे एक प्रश्न थेट आशियातून आला होता. ईस्ट इंडीजमधील डच घरांत वाढणाऱ्या, ख्रिस्ती नसलेल्या आईबापांच्या मुलांना बाप्तिस्मा द्यावा काय? यांत गुलामांची मुलेही होती. बहुमताचे उत्तर : शिकवण घेऊन ती स्वतः विश्वास कबूल करीपर्यंत देऊ नये. निवड अनादि म्हणणाऱ्यांनीच इथे मंडळीचे दार उघडण्यासाठी विश्वासाची वाट पाहिली. ज्या डच कंपनीच्या वसाहतींतून हा प्रश्न आला, तिचे ठाणे १६३७पासून आपल्या वेंगुर्ल्यातही होते. तिथल्या डच वखारीचे अवशेष आजही उभे आहेत.

२१/ आता परिषदेचा निकाल. निवडीचा आधार देवाला आधी दिसलेला विश्वास नाही. विश्वास हे निवडीचे फळ आहे. पण निकाल गोमारसच्या टोकापर्यंतही गेला नाही. देवाने माणसांना निर्माण करण्याचे ठरवण्याआधीच काहींना तारण्याचे व काहींना टाकण्याचे ठरवले, असा त्याचा क्रम होता. परिषदेने वेगळी मांडणी केली : पतित मानवजातीतून काहींना देव कृपेने निवडतो, उरलेल्यांना त्यांच्याच पापात राहू देतो. अविश्वासाचा दोष माणसाचा, देव पापाचा कर्ता नव्हे, असे स्पष्ट लिहिले गेले. आर्मिनियसचा आक्षेप नाकारला, पण तो ऐकू आला होता.

२२/ परिषदेच्या नियमांत रिमॉन्स्ट्रंटांच्या पाचही कलमांना उत्तरे आहेत, पण प्रकरणे चारच. तिसरे आणि चौथे एकत्र केले आहे. कारण तिसरे कलम एकटे वाचले तर त्यात खोडण्याजोगे काही सापडत नव्हते! दोन्ही पक्ष किती जवळ होते, याचा याहून बोलका पुरावा नाही.

२३/ पहिल्या प्रकरणातील दोन कलमे मला संपूर्ण दस्तऐवजात सर्वांत मानवी वाटतात. एक, ज्यांना अजून मनात जिवंत विश्वास जाणवत नाही, पण जे त्याची ओढ धरून उपासनेत राहतात, त्यांनी भयभीत होऊ नये. दुसरे, ज्यांची मुले तान्हेपणीच दगावली, अशा धार्मिक आईबापांनी त्यांच्या निवडीविषयी शंका घेऊ नये. घरोघरी बालमृत्यू होण्याच्या त्या काळात हे कलम कोणासाठी लिहिले होते, ते सांगायला नको. तर्काची इमारत बांधणाऱ्यांना कोपऱ्यात रडणारी आई दिसत होती.

२४/ ९ मे १६१९ला विदेशी प्रतिनिधींसह झालेले अधिवेशन संपले. चार दिवसांनी ओल्डनबार्नेव्हेल्टचा शिरच्छेद झाला. सुमारे २०० पाळकांची पदे गेली, अनेक हद्दपार झाले. ग्रोशियसला लूव्हेस्टाइनच्या किल्ल्यात जन्मठेप झाली. मार्च १६२१मध्ये पत्नी मारियाने त्याला पुस्तकांच्या पेटाऱ्यात लपवून बाहेर काढले. १६२५मध्ये माउरित्स वारला आणि पकड सैल होत गेली. १६३०च्या दशकात रिमॉन्स्ट्रंट ॲमस्टरडॅममध्ये पुन्हा उपासना करत होते.

२५/ परिषद जिंकली, पण तिच्या अनुयायांसमोर जुनाच प्रश्न नव्या रूपात उभा राहिला : मी निवडलेला आहे हे मला कसे कळावे? मॅक्स वेबरने १९०४–०५मध्ये याच धास्तीतून शिस्तबद्ध श्रम आणि आधुनिक भांडवलशाहीची वृत्ती यांचा संबंध जोडला. त्याचा सिद्धान्त वादग्रस्त आहे. पण कॅल्विनचे स्वतःचे उत्तर वेगळे होते : देवाच्या गुप्त निर्णयात डोकावू नका, ख्रिस्ताकडे पाहा. निवडीचा आरसा तोच. म्हणजे पुन्हा विश्वासच.

२६/ माझ्या मते या सगळ्या वादाची किल्ली इथे आहे. डॉर्टच्या परंपरेत घडण्याच्या क्रमात निवड आधी आणि विश्वास नंतर. कळण्याच्या क्रमात मात्र विश्वास आधी आणि निवड नंतर. झऱ्याचा उगम डोंगरात असतो, पण तहानलेल्याला तो ओंजळीतच भेटतो. आर्मिनियस ओंजळीपाशी उभा राहून बोलत होता, गोमारस उगमापाशी. ग्रंथाच्या रचनेत कॅल्विनने जपलेला तोल (पाहा ७) भांडणात हरवला. पाणी एकच आहे हे दोघांनाही मान्य होते, तरी त्यासाठी तलवार उपसली गेली, कारण ती उपसणाऱ्यांचे हेतू वेगळे होते.

२७/ हा वाद पुढे अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये पुन्हा पेटला. मेथडिस्ट जॉन वेस्ली याने १७७८मध्ये आपल्या मासिकाला आर्मिनियसचेच नाव दिले. महाराष्ट्रात दोन्ही प्रवाह आले. १८१३मध्ये मुंबईत उतरलेले अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी न्यू इंग्लंडच्या कॅल्विनपंथी परंपरेतले होते, तर १८७०च्या दशकात मुंबईत मेथडिस्ट मंडळी उभी राहिली. डॉर्टला एकमेकांसमोर उभ्या ठाकलेल्या मतांचे वारस इथे एकाच शहरात प्रार्थना करू लागले, आणि तेही वधमंचाशिवाय.

२८/ इतिहासाच्या विद्यार्थ्याने यातून काय घ्यावे? 'धर्म हे केवळ निमित्त, खरे कारण राजकारण' असे म्हणणे सोपे आहे, पण अपुरे आहे. राजकारणाने निकाल ठरवला. प्रश्न मात्र त्याने निर्माण केला नाही. तो प्रश्न प्रेताशेजारी बसलेल्या आईचा होता आणि रात्री झोप न येणाऱ्या पापभीरू माणसाचा. हे न समजता डॉर्टचा इतिहास लिहिला, तर त्यात माणसे उरत नाहीत, फक्त पक्ष उरतात.

धागा संपला. शंका किंवा वेगळे मत असल्यास खाली जरूर लिहा.